एकोणीस सेकंद

वूच शहरात, रात्री साडेनऊला
बोग्ना पडद्यावर रस्ता उचलते,
जुना, ट्रामच्या रुळांनी चिरलेला,
आणि ठेवते दोन मीटर डावीकडे.
खड्डे एका क्लिकमध्ये बुजतात. इतकं सोपं.

मॉडेलमधली माणसं राखाडी, बिनचेहऱ्याची,
सगळी एकाच चालीनं
पलीकडे पोचतात
एकोणीस सेकंदांत.

सकाळी खिडकीखालून गेले
म्हातारे झेनोबियुश,
एका हातात बिटाची पिशवी, दुसऱ्यात काठी.
तिनं मोजलं होतं: एकतीस.
त्यातले शेवटचे बारा हॉर्नच्या कल्लोळात.

ती आकडा बदलते.
गाड्यांची रांग लाल होत पुलापर्यंत जाते.
पुन्हा बदलते. पुन्हा लाल.

मग रस्त्याच्या मधोमध
काढते एक बेट, चार पावलांचं,
आणि त्यावर, नियमात न बसणारा
एक बाक.

फाइलचं नाव:
झेनोबियुश, अंतिम, चार.