शेरे

एकतीस मार्चला जुन्याची वर्गणी संपते.
एक एप्रिलपासून नवं.
उदगीरच्या एमआयडीसीत, डाळमिलच्या माडीवर
आम्ही सातजण
आणि आता एक आठवं, जे नुसतं ऐकतं.

जुन्यात आपणच टाइप करायचं.
आपण म्हणजे मीच.
सोमवारी साडेदहाला खाली चाळणा सुरू झाला
की टेबलावरचे चहाचे पेले थरथरायचे
आणि मी लिहायचे: ओल बारा टक्के. चुरी जास्त.
हैदराबादची गाडी अजून नाक्यावर.
नव्यात कुणी काही लिहायचं नाही.
फोन मधोमध ठेवायचा, पानाच्या डब्यासारखा.
उठेपर्यंत इतिवृत्त तयार,
मुद्दे, निर्णय,
कोण किती टक्के बोललं तेही.

पहिल्या चाचणीत त्यानं फटका डाळीचे फटाके केले.
चौदा क्विंटल फटाके, सोलापूरला, उधारीवर.
गुंडेराव इतके हसले की चष्मा पुसावा लागला.
'करूलालाव'पाशी ते अडखळलं,
मग 'करू, लाल आव' असं लिहून पुढे गेलं,
घर चुकलेला पाहुणा
तिथंच चहा पिऊन निघावा तसं.

पण 'बघूत'.
शेटजींचं बघूत म्हणजे नाही.
गुंडेरावांचं, मला मधी घेऊ नका.
महानंदाचं, हो, पण इतक्या जणांसमोर नको.
नव्यानं तिन्हींचं मिळून एकच केलं:
काम, पाहणे. जबाबदारी, सर्व. मुदत, शुक्रवार.
शुक्रवारी सात फोन एकदम वाजले
आणि आम्ही एकमेकांकडे
बघत बसलो.

पुण्याहून मदतीचा मुलगा म्हणाला,
मॅडम, नोंदी सगळ्या येतील, दोनशे बारा.
फक्त बाजूचे शेरे येत नाहीत.
महत्त्वाचं काही नसतं ना त्यात?

बाजूला सिद्रामप्पा होते.
काट्यावरचे. तीस वर्षं पोती मोजून
साठीला आले तेव्हा शेटजींनी वर बोलावलं,
बसा म्हणाले बैठकीत.
बसले. बोलले कधीच नाहीत.
संध्याकाळी सगळे गेल्यावर
माझ्या नोंदीच्या कडेला एका बोटानं लिहायचे:

पंखा बंद व्हता म्हून भांडण झालं. भावावरून न्हाई.

ओल तेरा आली व्हती. बारा लिव्हलं. असू द्या एकदा.

महानंदा आज बोलली न्हाई. विचारा कुणीतरी.

नुसरत, तू सर्वानुमते लिव्हलीस. मी हात वर केलतो का?

मंगळवारी सकाळी लाल ठिपका दिसायचा
आणि मी 'निकाली' दाबायचे.
न वाचता. बहुतेक वेळा न वाचता.
हे इथं लिहून ठेवते,
नव्यात असल्या गोष्टीला रकाना नाही.

गेल्या पोळ्याला ते वारले.
मातीला गेलो सगळे, बैठक पुढे ढकलली,
त्याचीही नोंद आहे, एकशे नव्वदावी.
तिच्या बाजूला काही नाही.

तीस तारखेला रात्री मी थांबले.
चाळणा बंद, वॉचमनच्या रेडिओची खरखर तेवढी.
फोन मधोमध ठेवला
आणि शेरे मोठ्यानं वाचायला लागले,
म्हटलं, ऐकतोस ना, तर घे ऐकून.
पहिले दहा-वीस माझ्याच आवाजात गेले.
मग कधी व्हता, लिव्हलं म्हणता म्हणता
घसा खाली उतरला,
मधे ते घ्यायचे तसा दम घेतला,
वाक्याच्या शेवटी तंबाखूएवढी जागा सोडली.
साडेअकराला संपलं.

पडद्यावर आलं:
वक्ता एक, नुसरत, एक्केचाळीस टक्के.
वक्ता दोन, अनोळखी, एकोणसाठ.
खाली रिकामी चौकट. नाव द्या.

जिना उतरताना काट्यापाशी उगाच थांबले.
धूळ झटकली, पाय ठेवला, काढला.
फोन अजून विचारत होता, नाव द्या, नाव द्या.
बघूत.