गट नंबर २१४

नोटिशीवर तारीख होती, तिथी नव्हती.
म्हणून मी पोचलो नेमका वेळा अमावस्येला,
अक्कलकोटच्या पुढं, बोरीच्या अंगाला,
तिपाई, यंत्र आणि चुन्याची पिशवी घेऊन.
गावात कुत्रंसुद्धा नव्हतं.
दारांना कड्या, चावडीला कुलूप,
सगळं गाव शेतात जेवायला गेलेलं.

मी सोलापूरच्या पूर्व भागातला,
मागांच्या खडखडाटात वाढलेला.
घरात तेलुगू, दारात मराठी,
काळ्या जमिनीशी ओळख म्हणाल
तर सात-बाऱ्यापुरती.

दोनशे चौदामध्ये ज्वारी पोटऱ्यात आलेली.
कडब्याची कोप, तिच्यावर पांघरलेली शाल,
आत ओळीनं पाच दगड, चुना फासलेले.
माझ्या पिशवीतल्यासारखाच चुना.
'हद्दीचे का?' मी विचारलं.
गंगव्वा हसली. 'पांडव हैत, सायेब.'
'आणि हा मागचा? याला चुना नाही तो?'
'त्यो चोर.
त्येला पुजत नाय. जेवू घालतो निस्तं.'

'चोर कुठला, कर्ण हाय त्यो,' तिचा दीर म्हणाला.
'सख्खा असून भायेर ऱ्हायलेला.'
शिक्षक असलेला पुतण्या मोबाइलमधून मान न काढता:
'दगड उरला होता एक. बाकी काही नाही.'
तिघं तिघांच्या मतावर ठाम,
आणि भज्जीचं पातेलं मधोमध वाफाळत.

'बर्री, ऊटा माड्री,' कुणीतरी हाक दिली,
आणि मला बसवलं त्या सहाव्या दगडाशेजारी.
जागा तेवढीच होती.

बाजरीचे उंडे, भज्जी, मडक्यातली गार आंबील.
रेवणसिद्धानं हळूच विचारलं, 'किती जानार?'
'अठरा गुंठे. रस्त्याला.'
कुणी काही बोललं नाही.
गंगव्वानं माझ्या ताटात
न विचारता अजून एक डाव वाढला.
'पोटुशी हाय ती,' शेताकडं बघत म्हणाली,
'डोहाळजेवण हाय आज तिचं. आज आकडं नकोत.'

मग चरग शिंपायची वेळ झाली.
रेवणसिद्धाचा गुडघा सुजलेला.
'तुमाला हद्द म्हाईत हाय न्हवं?' गंगव्वा म्हणाली,
'मग हिंडा की तुमीच.'
तिनं आंबिलीचं मडकं माझ्या हातात दिलं.

बावीस वर्षं मी हद्दी मोजतोय,
एकही पायानं पुरती फिरलो नव्हतो.
पुढं पोरगं, हातात कडुलिंबाचा डहाळा,
मडक्यात बुडवत, पिकावर झाडत:
'ओलगे ओलगे, सालम पोलगे!'
'म्हणजे काय रे?'
'काय की. म्हनायचं असतंय.'
दुसऱ्या बांधाला मीही म्हणू लागलो,
आधी दबक्या आवाजात.

पूर्वेच्या बाजूला
माझ्या नकाशातली लाल रेघ आली.
मी थांबलो. इथून वळायचं.
पोरगं थांबलं नाही,
रेघ त्याला दिसतच नव्हती.
ते थेट जुन्या बांधापर्यंत गेलं, ओरडत,
आणि मडकं माझ्याकडं होतं.

अठरा गुंठ्यांनाही शिंपलं आम्ही.

रात्री पेटता हेंडगा शेताभोवती फिरला.
मी कोपीतच झोपलो, पांडवांच्या पायाशी.

दुसऱ्या दिवशी मोजणी केली, रीतसर.
पंचनामा झाला, सह्या झाल्या,
हरकतीचा रकाना कोरा राहिला.
शेवटच्या खुणेला दगड कमी पडला.
मी इकडंतिकडं बघत असताना
गंगव्वा कोपीत गेली,
पदरात तो सहावा घेऊन आली.
'ह्यो घ्या.'
'आणि पुढच्या वर्षी?'
'घावंल की दुसरा. भायेर ऱ्हायलेलं कुनीतरी घावतंयच.'

मी दगड पुरला. चुना लावला, दोन हात.
तरी एका बाजूला
कालच्या आंबिलीचा ओघळ
खालून पिवळट दिसत राहिला.