तीस तारखेपर्यंत

तिकिटाच्या पाठीवर हिशोब मांडत होते बाळ्ळीच्या पुढे.
बस खड्ड्यात गेली, तीनाचा आठ झाला
आणि खोलीचं भाडं एकदम परवडेनासं झालं.

चावडी ते मडगाव, मडगाव ते बांबोळी,
तिथून पठारावर चढणारी विद्यापीठाची गाडी,
मिळाली तर.
जाऊन येऊन पाच तास.
पास विद्यार्थ्यांचा, म्हणजे पैसे फारसे नाहीत;
पाच तास कुठल्या खात्यात टाकायचे
ते मात्र सुचेना.

सकाळी करमळच्या घाटात अजून रात्रच असते.
झोपलेली माणसं वळणावर एका बाजूला कलतात,
एकदमच सावरतात,
मीही त्यांच्यातली.
डोळे न उघडता मला सांगता येतं कुठवर आलो ते.
एवढं पाठ आहे,
आणि नेमकं हेच परीक्षेला नाही.

बारा नळ्यांत माझं शैवाल वाढतंय.
दर सहा तासांनी बघावं लागतं त्याच्याकडे,
हिरवं किती, गढूळ किती.
साडेचारला मी बॅग भरते.
रात्री दहाचं वाचन मृण्मयी घेते माझ्यासाठी,
तिच्या अक्षरातले आकडे माझ्या वहीत.
सर काही बोलले नाहीत.
नुसती पानं उलटत गेले शेवटपर्यंत
आणि परत पहिल्या पानावर आले.

वसतिगृहाच्या यादीत मी सतरावी, प्रतीक्षेत.
माझ्या वरच्या सोळा जणींबद्दल रात्री काय काय मनात येतं
ते इथे लिहीत नाही.

शनिवारी मेरशीला खोली बघितली.
शिंपल्यांच्या तावदानाची खिडकी, दोन शिंपले गेलेले,
त्या जागी बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा.
इर्मेलिंद बाय म्हणाली, "उदक सकाळीं साता मेरेन. मागीर ना."
कपाटाच्या दारावर आधीच्या मुलीचं वेळापत्रक
तसंच चिकटलेलं:
सोमवार सांख्यिकी, मंगळवार प्रात्यक्षिक,
बुधवार रात्री नऊ, घरी फोन.
मी नखानं त्याचा कोपरा उचलून पाहिला.
निघत नव्हता.

"तुझं तू बघ," आई म्हणाली,
एकदा सोलं उन्हात पसरताना,
एकदा माझ्या डब्याचं झाकण लावताना,
आणि एकदा काहीच करत नसताना.
तिसऱ्यांदा मला भीती वाटली.

मंगळवारी कुंकळ्ळीला टायर बसला.
चावडीला उतरले तेव्हा स्टँडवर एकच दिवा,
दिव्याखाली आमची स्कूटर,
स्कूटरवर पप्पा, डोक्यात हेल्मेट तसंच,
हँडलवर कपाळ टेकून झोपलेले.
माझं जॅकेट मांडीवर घडी करून.
रोज मी उतरते तेव्हा ते ताठ उभे असतात,
किल्ली बोटात फिरवत.
मग रोज त्याआधी काय असतं,
हे मी कधी पाहिलंच नव्हतं.
हाक मारली नाही. उभी राहिले.
सोड्याच्या दुकानाचं शटर खाली आलं तेव्हा ते जागे झाले.
"लवकर आलीस," म्हणाले.
सव्वानऊ वाजून गेले होते.

आज दुपारी इर्मेलिंद बायला दोन महिन्यांचं आगाऊ दिलं.
तिनं कॅलेंडरचं जुनं पान फाडून
मागं पावती लिहिली. माझं नाव चुकवलं.
मी दुरुस्त केलं नाही.

आता शटलमधून मडगाव, मग शेवटची काणकोणची बस.
कंडक्टरनं पास दिव्याशी धरला:
"बाय, पास सोंपत आयला."
"हो," म्हटलं, "तीस तारखेपर्यंत आहे."
दहाचं वाचन आजही मृण्मयीच घेईल.
पप्पांना सांगायचंय.
पण घाट उतरेपर्यंत
वेळ आहे.