चूक वाटून देण्याची पद्धत

तिर्झाला शाळेत अर्धं पान लिहून न्यायचंय:
या जमिनीच्या भांडणाबद्दल तुझं मत.
जेवताना ती मलाच विचारते,
कारण तीस वर्षं मी जमिनीच मोजतोय.

मी काकडीला मीठ लावत राहतो.

मोजणीला दोन माणसं लागतात, एवढं मला माहीत आहे.
एक यंत्रामागे, एक लांब, पट्टी धरून.
मी आणि फव्वाझ. बावीस वर्षं.
जुन्या दुर्बिणीत चित्र उलटं यायचं:
फव्वाझ डोक्यावर उभा, पायांवर आभाळ,
आणि मी ओरडायचो, थोडा डावीकडे!
कुणाच्या डावीकडे, हे त्याने कधी विचारलं नाही.

परवा बतूफच्या खोऱ्यात होतो.
नकाशावर मी ते नेतोफा लिहितो.
नऊ दुनम. कोर्टातली फाईल माझ्या वयाची.
तुर्की अमलातल्या कागदावर चतुःसीमा:
पूर्वेस खरूबचं झाड,
दक्षिणेस विधवेचा बांध,
पश्चिमेस उंटांची पाण्याची वाट,
उत्तरेस, सर्वांना ठाऊक आहे ते.
हे सर्व कुठे असतात, मी विचारलं.
फव्वाझने पट्टी दुसऱ्या खांद्यावर घेतली.
काही लेबनॉनात, म्हणाला. एक आत्या रेनेला.

झाड मात्र होतं.
तो म्हणाला खरूब, मी म्हटलं हारूव.
घशातल्या एका खरखरीचा फरक.

आकृतीला बाजू असतात, मोजणाऱ्याला नसावी,
असं आम्हाला शिकवलेलं.
हद्द फिरून पहिल्या खुंटाशी परत आलात
की आकडे जुळत नाहीत. कधीच नाहीत.
चार बोटं, फार तर वीतभर.
ती चूक सगळ्या बाजूंना लांबीप्रमाणे वाटायची,
आकृती मिटवायची, सही करायची.

माझं मतही मी असंच मिटवत आलो.
सालोनिकाहून एकटीच उरून आलेली आजी,
पाइनच्या रोपवनाखाली गेलेलं फव्वाझच्या आजोबांचं गाव,
बसमध्ये गेलेला माझा वर्गमित्र येरहमिएल,
चौकीवरून परत न आलेला त्याचा भाचा.
थोडं याच्या पदरात, थोडं त्याच्या.
रात्री झोप लागायची.

परवा फरक निघाला अकरा मीटर.
अकरा मीटर वाटता येत नाहीत.
एवढ्याला पुस्तकात वेगळा शब्द आहे,
आणि त्याचा अर्थ असा, की कुठेतरी, एकाच जागी,
कुणीतरी खुंट हलवलाय.

विधवेच्या बांधाकडे सापडला,
पंपघराच्या काँक्रीटला चिकटून.
जुन्या नकाशावर तारीख होती. खाली सही.
मी तेव्हा नोकरीत नवा होतो.
साहेब म्हणाले, इथून धर, आणि मी इथून धरलं.

काय लिहू मग, तिर्झा विचारते.
लिही, की बाबा उद्या पुन्हा मोजायला जाणार आहेत
आणि आलेला आकडा कोर्टात देणार आहेत.
हे मत नाहीये, ती म्हणते. पेन्सिलीचं टोक चावते.

मी फव्वाझला फोन लावला. सहा वाजता, म्हटलं.
बराच वेळ तिकडे फक्त पंखा ऐकू आला.
मग तो म्हणाला, या खेपेला यंत्रामागे मी.

उन्हात पट्टी धरून उभं राहायचंय.
मी टोपी शोधतोय.