वाटी

लिफाफा मीच उघडला होता हिल्लाचा,
चौदा वर्षांपूर्वी, औलूच्या याच इस्पितळात.
चिठ्ठीवर एकच शब्द: शस्त्रक्रिया.

बारा वर्षांची पोर. ट्रॅम्पोलिनवरून उतरताना
गुडघ्याची वाटी निसटून बाहेरच्या अंगाला गेलेली.
आईनं मागच्या सीटवर आडवी घालून
कुसामोहून आणली, दोनशे किलोमीटर,
मध्ये दोनदा थांबावं लागलं, रेनडिअर हटेनात.

त्याच आठवड्यात तानेली.
त्याच्या चिठ्ठीत: पट्टा आणि व्यायाम.
त्याची आई माझ्याकडे बघत राहिली,
जणू सोडत मीच काढली होती
आणि तिचंच तिकीट लागलं नव्हतं.
यात हरणं नसतं, मी म्हटलं.
मला तेव्हा काय ठाऊक होतं!

आज दोघं एकाच बाकावर, ओळखदेख नाही,
बुटांखाली वितळलेल्या बर्फाचं थारोळं.
मी छापील क्रमानं विचारते.
लंगडता? जिना? उकिडवं बसता येतं?
हिल्ला बालवाडीत शिकवते,
मुलं सतरंजीवर, ती खुर्चीवर.
तानेली गोठलेल्या तळ्याला भोक पाडून
तासन्‌तास उकिडवा बसतो गळ टाकून,
उठताना मात्र आई आठवते, म्हणाला.
वाटी पुन्हा सरकली? तिची दोनदा.
त्याचीही दोनदा, एकदा बहिणीच्या लग्नात, नाचताना.

बेरीज केली. शंभरातले
तिचे ब्याऐंशी, त्याचे चौऱ्याऐंशी.
डॉक्टर म्हणतील, फरक नाही.

तेवढ्यात तानेलीला तिचा व्रण दिसला,
गुडघ्याच्या आतल्या बाजूनं उतरलेला, पांढरट.
बघतच राहिला.
"तुझ्यावर विश्वास ठेवला असेल ना सगळ्यांनी?
मला खेळाचे मास्तर म्हणायचे, नाटकं करतोस.
दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं."
हिल्ला म्हणाली, "सौनात मी अजून
टॉवेल गुडघ्यावर घेऊन बसते."

यासाठी फॉर्मवर प्रश्न नाही.

अक्कल गुडघ्यात, म्हणून हसतात लोक.
असते. मी खिडकीतून पाहिलं:
बाहेरच्या पायरीवर निळसर बर्फ,
आणि दोघांचे हात एकदमच
कठड्याकडे गेले,
डोक्यानं काही ठरवायच्या आत.

पेन्सिलीनं समासात लिहिलं: कठडा.
समासात लिहायला मनाई आहे.
खोडलं. कागदावर खळगा राहिलाय,
बोट फिरवलं तर लागतो.