इथनं नीट

आईकडं हा एकच शब्द होता आणि कामं ढीगभर.
नीट बस. नीट जेव. ओढणी नीट घे.
दूध नीट बघ, उतू जाईल.
नीट बोल, मामा आलाय.
आणि हात न उगारता, अगदी हळू आवाजात:
नीट सांगतोय तुला.
(आमच्यात बायकाही सांगतोय म्हणतात.
पुण्याच्या वहिनी हसल्या, हसू देत.)

वडील, हिंदुराव मिस्त्री, उद्यमनगरात लेथवर.
त्यांचं नीट व्हर्नियरच्या जबड्यात धरून मोजायचं.
केसाएवढं चुकलं तरी शाफ्ट भंगारात.
शेजारच्या फौंड्रीतला दस्तगीर म्हणायचा,
"मिस्त्री, तुम्हाला देवानं मापावर काढलंय,
आम्हाला नुस्तं वाळूत ओतलंय."
घरी मात्र एक चप्पल उंबऱ्यात, एक अंगणात,
पंचा दारावर, पेपर न्हाणीत,
आणि आई: जरा नीट ठेवा की वो.

रोज साडेसातला सायकल निघताना
ती दारातनं म्हणायची, नीट जावा.
त्या मंगळवारीही म्हणाली होती.
हे मुद्दाम लिहून ठेवतो, मी तिचीच लेक,
कारण पुढं कैक वर्षं
ती भाकरी थापता थापता मधेच विचारायची,
"म्हणालो होतो न्हवं मी?"

सीपीआरमध्ये तिनं विचारलं, बोट नीट होईल?
डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले,
हात नीट होईल.
ती बाहेर आली
आणि बाकावरच्या पिशवीचे बंद
एकसारखे करत बसली.

मग सगळी गल्ली येऊन गेली.
नीट हाय न्हवं आता?
हाय की.
झोप नीट लागती?
लागती की.
मालकांनी हिशेब नीट केला,
म्हणजे लवकर केला.

परवा राजारामपुरीत, आठव्या गल्लीच्या तोंडाशी
क्लासचा भला मोठा बोर्ड. नीट. दोन वर्षांत. खात्रीशीर.
आईनं रिक्षातनं मान वळवून तो पुरता वाचला,
मग शेजारी वडिलांकडं बघितलं,
त्यांच्या शर्टाचं एक बटण सोडून लावलेलं दुसरं बटण बघितलं.
"दोन वर्षांत?" म्हणाली. "कोण हाय हा मास्तर?"

आता वडील कोपऱ्यावर पानपट्टीपाशी बसतात.
जोतिबाला निघालेल्या परगावच्या गाड्या
चुकून आमच्या गल्लीत शिरतात.
काच खाली होते. वडील उजवा हात उचलतात,
अंगठ्याशेजारचं बोट जिथं होतं
तिथनं दाखवतात:
"इथनं नीट जावा. कुठं वळू नका."

गाडीवाला क्षणभर त्या मोकळ्या जागेकडं बघतो,
मग ती जिकडं रोखलीय तिकडं बघतो,
गिअर टाकतो.
अजून एकही गाडी
परत विचारायला आलेली नाही.