अंगठा लागत नाही

एसटी स्टँडच्या मागे, झेरॉक्सवाल्याच्या शेजारी माझं टेबल.
वर पंखा, पायाशी वायरींचा गुंता,
आणि काड्यापेटीएवढं यंत्र, त्याला काचेचा एक डोळा.
सही आता कोणी मागत नाही. बोट ठेवायचं.

कोंडतिवऱ्याची यादी आली परवा. एकशे बारा लाभार्थी.
हा शब्द मी दिवसातून इतक्यांदा टाईप करते
की बोटं मला न विचारता करतात.

गट नंबर दोनशे सहा. अकरा गुंठे, नावं तेवीस.
तिघं डोंबिवलीत, एक मस्कतला,
एक कुठे ते त्याच्या भावालाही माहीत नाही,
सात जण वारलेले, पण सातबाऱ्यावर ठणठणीत.
शेवटच्या रकान्यात, जमीन कोण कसतो तिथे,
एकच शब्द : खुद्द.

पॉवर टिलर मिळाला जयवंत साळव्याला.
त्याचं लॉज आहे समुद्राकडच्या रस्त्याला, शेत आहे फायलीत.
टिलर लॉजच्या मागे ताडपत्रीखाली झाकलेला.
ताडपत्रीसुद्धा अनुदानातलीच.
हे सांगताना मला हसू येतं,
पण फॉर्म मीच भरलेला, साठ रुपये घेऊन.

शेवंती गोताड आली साडेअकराला, पहिल्या गाडीची चुकून दुसऱ्या गाडीने.
सकाळी काजूच्या कारखान्यात बी फोडते,
दुपारी दोनशे सहामधली कलमं राखते, अर्धेलीने.
अर्धेलीचा कागद नाही. कधीच नव्हता.
वादळात चार कलमं पडली तेव्हा
पंचनाम्याला आलेल्या भाऊसाहेबांना
बांधाबांधाने फिरवलं तिनेच,
कुठलं झाड किती वर्षांचं, कुठलं किती पेट्या द्यायचं,
पाणीही तिनेच दिलं, गूळ घालून.
पैसे जमा झाले डोंबिवलीत.
तिथून फोन आला होता मला : अहो, हे कसले आलेत?
मी म्हटलं, तुमची झाडं पडली.
ते म्हणाले, अरेरे. कुठली?

आज ती आली होती हातमोज्यांसाठी.
नवीन योजना आहे, काजू कामगार महिलांना
दोन जोड हातमोजे आणि खोबरेल तेलाची बाटली.
म्हटलं, मावशी, अंगठा ठेवा.
ठेवला. यंत्र लाल.
पदराला पुसून ठेवला. लाल.
डावा ठेवला. मग तर्जनी, मग एकेक करून सगळी बोटं,
जशी लहान मुलं मोजतात.
टरफलातलं तेल पंधरा वर्षं खातंय कातडी.
बोटांच्या पेरांवर काळपट चकाकी, रेघ एकही नाही.
कातळासारखी, पाऊस वाहून गेल्यावरच्या.

स्क्रीनवर आलं : व्यक्तीची ओळख पटली नाही.
मी ते वाचून दाखवायला नको होतं. दाखवलं.

ती म्हणाली, खरा हाय गो बाय.
मग विचारलं, हातमोजे आधी घातले
तर अंगठा परत येल काय?
मी म्हटलं, येईल कदाचित, वर्षभराने.
आनी हातमोजे कधी देतील?
अंगठा आल्यावर.
आम्ही दोघी काही वेळ पंख्याकडे बघत राहिलो.

जाताना कागदाच्या पुडीत ओले काजूगर ठेवून गेली,
कुणाच्या झाडाचे ते मी विचारलं नाही.
फॉर्मचे पैसे घेतले नाहीत, एवढंच.
तिला वाटलं असेल, काम झालं नाही म्हणून.

तिच्यामागे जयवंत साळवी उभा होता,
गळ्यात चष्मा, हातात ठिबक सिंचनाची फाईल.
त्याचाही अंगठा लागेना. लाल. परत लाल.
तो चिडला, म्हणाला, यंत्रच बिघडलंय तुमचं.

वाकून बघितलं.
काचेवर तेलकट डाग होता, बोटाच्या आकाराचा.

ओढणीच्या टोकाने पुसला.
लागला.